न विचारलेला निरोप

३ जून, मंगळवार
सेतुन्या आज माझ्याकडे समुपदेशनाला आली आणि पुन्हा बजावून गेली — "घरचा कुठलाही निरोप मला द्यायचा नाही. मी विचारीन तेव्हाच." कबूल केलं. सात वर्षांपूर्वी मामाने तिला काठीने फोडून काढलं. ती आईच्या दारावर थापा मारत राहिली, आईने कडी काढली नाही. तेव्हापासून घर सुटलं. आणि वर सगळं गाव तिलाच शिकवतं, "अगं, मामा म्हणजे मामा! जा, माफी माग." छत्तीस वर्षांची नर्स, पण कुणी दार वाजवलं की अजून दचकते.

मीही इथलीच. 'आई ती आईच' हे माझ्याही जिभेवर येतं. गिळते. माझ्या धंद्यात हेच सगळ्यात कठीण.

१० जून, मंगळवार
घोळ झाला! दुपारी शालीत गुंडाळलेली एक म्हातारी आली, सेतुन्याच्या गावाहून, मोलेपोलोलेहून. "मी सेतुन्याची आई. तुझ्याकडे येते म्हणे ती." आदराने म्हटलं, "म्मा, इथं कोण येतं ते मी कुणालाच सांगत नाही." "नको सांगूस. नुसतं ऐक. माझा भाऊ गेला. शनिवारी पहाटे माती देणार. आणि तिला म्हणावं — तेव्हा मी दार उघडायला हवं होतं."

रडली नाही. तिला चहा दिला. निघाली तशी मीही उठले, फाटकापर्यंत पोचवायला. वडीलधारी बाई, तिला काय खुर्चीतून हात हलवायचा? माझी आई थडग्यातून उठून कान पिळेल! हात धरून पायरी उतरवली तिला.

समोर रस्त्यावर सेतुन्याची गाडी. आज लवकर आली होती. तिने बघितलं — आणि गाडी वळवली.

११ जून
फोन उचलत नाही. एकच मेसेज आला — "तुम्ही तिला फाटकापर्यंत पोचवलंत."

खरंच की. आमच्यात माणूस आपल्याच माणसाला पोचवतो. तोंडाने मी एक अक्षर बोलले नाही, पण तिला जे दिसायचं ते दिसलं. बाजू मांडणारं लांबलचक उत्तर लिहिलं, खोडलं. एवढंच पाठवलं — "चूक माझी. तुझ्याबद्दल काही बोलले नाही. तुझी अट पाळतेय."

१३ जून, शुक्रवार
अडलं की मी केनोसीकडे जाते. आमच्या कामातली सगळ्यात जुनी बाई. सगळं ऐकून माझ्यावरच कडाडली, "सांगून टाक! मयताची बातमी कुणी दाबून ठेवतं होय? उद्या तीच विचारेल, मला का नाही सांगितलं?"

"आणि सांगितलं, तर तिच्या शब्दाला काय किंमत राहिली?"

"शब्दाचं काय घेऊन बसलीस! उद्या माती आहे."

फोन हातात घेते, ठेवते. ज्याच्या धास्तीने ती झोपत नाही तो माणूस मेलाय, आणि हे मला माहीत आहे, तिला नाही! एका वाक्याचं काम. पण आजवर सगळ्यांनी तिच्या भल्याचंच म्हणून तिचं 'नको' पायदळी तुडवलं. मी निराळं काय करणार? आणि नाही सांगितलं, तर ती मला कधी माफ करेल? भीती वाटते. अगदी खरं लिहायचं तर, ती कायमची जाईल याचीच जास्त.

१४ जून
माती झाली असेल आतापर्यंत. नाही सांगितलं.

१७ जून, मंगळवार
आली! बसली नाही, दाराशीच उभी. "शुक्रवारी सकाळी रेडिओवर मयतांची नावं वाचतात त्यात मामाचं ऐकलं. दिवसभर फोन समोर ठेवून बसले होते. म्हटलं, आता ह्या बाई सांगणार. सगळेच सांगतात."

ती खुर्ची ओढून बसली.

"आता मी विचारतेय. आई काय म्हणाली?"