बूधरामकाकांची जागा

९ जुलै
आज पुन्हा ताशा फोडला! शेकताना विस्तवावर जास्त वेळ धरला. चामडं तापून वर आलं की नाही ते टिचकी मारून कानाने ओळखायचं असतं, आणि माझा उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेलाय. कुणाला सांगितलेलं नाही. बहिऱ्या ताशेवालीला पुढे कोण उभं करील?
बूधरामकाका एवढंच म्हणाले, "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

१३ जुलै
थकले. एक ऑगस्टला, गुलामी संपल्याच्या दिवशी, आमच्या बेटावरच्या कूव्हा गावच्या मैदानात बाबांकडचे भारतीय ताशे आणि आईकडचे, शांगो या आफ्रिकी देवाच्या पूजेचे ढोल एकत्र वाजवायचेत. जन्मभर दोन्हीकडच्यांनी विचारलं, तू नक्की कुणाची? त्याचं उत्तर द्यायला हा खटाटोप.
पण तालमीत माझ्या उजवीकडे आईकडचा ढोलवाला युस्टस आणि त्याचे शांगोवाले, डावीकडे काका. बाबा ताशा वाजवायचे तेव्हा काकांचा ढोल कायम त्यांच्या उजव्या हाताला, पुढे माझ्याही. युस्टस आला, उजवीकडे बसला, आणि महिन्याभरात काका उठून डावीकडे गेले.
"म्हाताऱ्याला आमचं वावडं आहे," युस्टस म्हणतो. हसून म्हणतो, पण लागलंय त्याला.

१४ जुलै
कालचा उरलेला पेलाऊ भात गरम केला. उभ्यानेच खाल्ला. बस्स.

१९ जुलै
युस्टस अडून बसला — काका आमच्या शेजारी उभे राहिले तरच वाजवीन. काकांना विनवलं. "मी इथेच बरा," म्हणाले. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "माझी आई तुमच्या लेखी कधी आमच्या घरातली नव्हतीच!" त्याच आईच्या हातचं ते वीस वर्षं जेवले.
काकांनी पट्टा गळ्यातून काढला, ढोल खाली ठेवला आणि चालते झाले.
मग मला ठेकाच सापडेना. तीनदा थांबवावं लागलं. युस्टस बघतच राहिला.

२४ जुलै
काका फोन उचलत नाहीत. हात दुखतात. कार्यक्रम रद्द करावा झालं.

२९ जुलै
काकांच्या घरी गेले. ओट्यावर ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. माफी मागितली. वर न बघता म्हणाले, "उजवीकडून तीन हाका मारल्या होत्या. तू वळली नाहीस. तेव्हा डावीकडे आलो."
"मग युस्टस इतकं बोलला, तेव्हा का नाही सांगितलंत?"
"तू सांगितलं नव्हतंस ना कुणाला."
मी रडले. काकूने न विचारता चहा आणून ठेवला.

३० जुलै
युस्टसला कानाचं सांगितलं. काकांचंही.

१ ऑगस्ट
मैदानात पोचले. युस्टसने शांगोचे ढोल डावीकडे नेऊन काकांना चिकटून मांडलेत. दोघं मिळून माझा ताशा शेकतायत. उजवीकडे आज कुणीच नाही.