वैजयंताचं ताट

शिरड शहापूर,
८ जानेवारी २०२५

ती. प्रेमदासकाकांस,
शिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे, असं काकू सांगत होत्या. तेव्हा फोनचा नाद सोडून कागदावर लिहिते. यंत्र लावायचं नाही आणि जग आपलं ऐकत नाही म्हणून जगाला झोडपायचं, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे.

मला काम लागलं. पुण्याच्या एका संस्थेनं इथल्या तांड्यातल्या अकरा बायकांना फोन दिलेत. सगळ्या पोटुशी, नाहीतर लेकुरवाळ्या. जेवणाआधी ताटाचा एक फोटो, जेवण झालं की त्याच ताटाचा दुसरा. शेजारी खेळायच्या पत्त्याएवढं, चौकटी छापलेलं कार्ड ठेवायचं. त्यावरून फोनमधलं यंत्र माप धरतं आणि भाकरी किती, वरण किती, उरलं किती ते सांगतं. पूर्वी बायकांना काल काय खाल्लं ते विचारायचे आणि बाई घराची अब्रू राखून उत्तर द्यायची. फोटोला लाज नसते, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं.

हा तांडा आपल्या वैजाच्या सासरचा आहे, हे मी तुमच्यापासून लपवलं होतं. रागावू नका. तिला जाऊन साडेतीन वर्षं झाली, आणि काम कुणीतरी करायचंच. ताटं तर भरलेली दिसतात. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हरभऱ्याची भाजी, उकडलेलं अंडं. पाहून बरं वाटलं होतं.

पण काका, जेवणानंतरच्या फोटोत ताट रिकामं होतं आणि तळाशी कोरलेलं नाव वर येतं. कधी वरणाच्या डागाखालून ‘वैज’ एवढंच, कधी नुसतं ‘यंता’. काल पूर्ण दिसलं, वैजयंता प्रेमदास राठोड. यंत्र प्रत्येक पदार्थाभोवती गोल काढून खाली त्याचं नाव लिहितं. तुमच्या लेकीच्या नावाभोवती त्यानं गोल काढला आणि लिहिलं, पदार्थ ओळखता आला नाही. हे एका घरातून नाही, सात घरांतून आलं.

तुम्ही तिच्या लग्नात अशी किती ताटं दिली होती, तेवढं कळवा. काकूंना नमस्कार. माझ्यावरचा राग दोन दिवसांत उतरेल आणि माया तशीच राहील, या भरवशावर,

तुमची
शिला


कळमनुरी,
१२ जानेवारी

चि. शिलास अ. उ. आ.

एक. एकच ताट दिलं होतं. भांड्यांच्या दुकानात उभं राहून मी स्वतः नाव घालून घेतलं. दुकानदार म्हणाला, गुरुजी, आडनाव सासरचं घालतात. मी म्हणालो, तिची एकवीस वर्षं काय पुसून टाकू?

आता ऐक. तिच्या तेराव्याला मी त्या तांड्यासमोर उभा राहून बोललो, ते तू ऐकलंस. तुमच्या घरात ज्वारी आहे, तूर आहे, दावणीला गाय आहे, आणि माझी पोर अंगात रक्त नाही म्हणून बाळंतपणात गेली. तुम्ही तिला उपाशी मारलं, असं मी म्हणालो. तांड्याच्या नायकानं, नेमसिंगनं, मान खाली घातली होती. त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. आणि आज तीच माणसं तिच्या ताटात पाळीपाळीनं जेवतात? भूक आकाशातून पडत नाही, शिला. ती घरात वाढली जाते, ताटात वाढतात तशी, आणि वाढणारे हात ओळखता येतात. चाळीस वर्षं मी सभांमधून हेच सांगत आलो.

तू तिच्या सासूला, नानीबाईला, तोंडावर विचार. भिऊ नकोस. तुला जमत नसेल तर मी येतो आणि पुन्हा बोलतो.

काकू बरी आहे. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. स्वतःच्या जेवणाकडे लक्ष ठेव, हा आशीर्वाद आणि हीच ताकीद.

तुझा
प्रेमदासकाका


शिरड शहापूर,
१९ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी न सांगता अकरा वाजता तांड्यात गेले. नानीबाई पदराखाली काहीतरी झाकून चालली होती, नैवेद्य न्यावा तशी. मी मागोमाग गेले. ती एका घरात शिरली, ताट उघडं केलं, त्या घरच्या बाईनं फोटो काढला, आणि ताट पुन्हा झाकून पुढच्या घरी. असं अकरा घरं. मग ते अन्न नानीबाईच्या घरच्या पुरुषांनी खाल्लं, आणि खरकटं ताट न धुता पुन्हा त्याच वाटेनं फिरलं. काका, एकच अंडं अकरा बायकांनी खाल्लं, असं मी तीन आठवडे पुण्याला कळवत होते.

मी विचारलं, काहून? नानीबाई चिडली नाही. बाजेवर बसवून पाणी दिलं. म्हणाली, ‘ईवायानं, वैजाच्या बापानं, आमाला साऱ्या मुलखासमोर उपाशी मारनारे म्हनलं. त्या दिशी आमी ठरवलं, परक्याला आमचं ताट रितं दिसायचं न्हाई.’ आणि वैजाचंच ताट का, तर तांड्यात एवढं मोठं ताट दुसरं नाही.

पुढचं लिहायला दोन दिवस घेतले. नानीबाई सांगते की ती ह्याच ताटात वैजाला वाढायची आणि वैजा अर्धं काढून ठेवायची. पोटात जास्त गेलं तर बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं, असं वैजाचं म्हणणं. तिला ते तिच्या आईनं सांगितलं होतं. नानीबाईलाही ते खरंच वाटायचं, म्हणून तिनं कधी आग्रह केला नाही. तिला अजून तेच खरं वाटतं. धाकटी सून बबिता सातव्या महिन्यात आहे. अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन हळद काढायला जाते. नखं पिवळी, ओठ पांढरे. रक्त सातवर आलंय.

पुण्याची यादी ३१ तारखेला बंद होते. ज्या वस्तीची ताटं कमी भरतील तिथल्या पोटुश्या बायकांना रोज गरम जेवण आणि रक्तवाढीची इंजेक्शनं मिळणार. कागदावर आपला तांडा सगळ्यांत पोटभर जेवणारा आहे. मी स्वतः खरं कळवलं तर तुम्ही लावलेला डाग मीही लावला, असं होईल. मग बायका फोन परत देतील आणि बबिताच्या घरचं दार मला बंद होईल. नाही कळवलं तर बबिता जाते. नानीबाईचं म्हणणं, जो बोलला त्यानं आधी यावं.

काय करू ते लिहा. ह्या वेळी तुमच्या उत्तराची भीती वाटते, तरी वाट पाहते.

तुमची
शिला


कळमनुरी,
२३ जानेवारी

चि. शिला,
आशीर्वाद.

काकूला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता हो म्हणाली. तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, तिनं वैजाला सांगितलं. स्वतःच्या तिन्ही बाळंतपणांत ती अर्ध्या पोटीच राहिली. चौतीस वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नाही.

ठाऊक कसं होणार? मी नेहमी पहिल्या पंगतीला जेवलो. बायका मागून. हात धुतला की मी बाहेर, भुकेवर बोलायला. वैजा पाचव्या महिन्यात आठ दिवस माहेरी आली होती. ती काय जेवली हे मला आठवत नाही. आठवण्यासारखं मी पाहिलंच नाही. मी बाहेरच्या खोलीत भाषणाचे मुद्दे काढत होतो.

फोनवरचं मला ऐकू येत नाही. पण दुपारी स्वयंपाकघरात कुणीतरी ताट हलकेच खाली ठेवल्याचा आवाज येतो. मी उठून जातो. काकू एकटीच असते.

हे पत्र तांड्यात सगळ्यांसमोर वाच. मी त्यांना उपाशी मारणारे म्हणालो. ते ताट अर्धं करायची शिकवण माझ्या घरातून गेली होती. मी शब्द मागे घेतो. मी येत नाही, कारण आलो तर भाषण करीन. काकू येते आहे. जे बबिताला सांगायचं ते तीच सांगू शकते.

खरं कळव. तुझं काम गेलं तरी चालेल. तुझा फार आधार वाटतो, तो राहू दे.

प्रेमदास


शिरड शहापूर,
३० जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काकू शनिवारी सुखरूप पोचल्या. तुमचं पत्र देवळासमोर वाचलं. नायकानं दोनदा थांबवून पुन्हा वाच म्हणून सांगितलं. नेमसिंगनं कागद मागून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. मग नानीबाई उठली आणि काकूंचा हात धरून आत घेऊन गेली.

काकूंनी बबिताला काय सांगितलं ते मी दारातून ऐकलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘मी माझ्या लेकीला सांगितलं, तिनं ऐकलं. तू माझं ऐकू नको, माझ्याकडं पाह्य.’

रविवारपासून अकरा घरांतून अकरा वेगळी ताटं येतात. तीन घरांत वरण नाही. एका ताटात नुसती भाकरी आणि मीठ. बघवत नाही, पण खरी आहेत. पुण्याला मी सगळं लिहून कळवलं. आधीचे फोटो बाद झाले, मला बोलणी बसली, मार्चनंतर काम राहील की नाही ते माहीत नाही. तांडा मात्र यादीत आला. बबिताला हिंगोलीला नेऊन रक्त चढवलं. डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय, अजून काही सांगता येत नाही.

काकू तिचं बाळंतपण होईपर्यंत इथेच राहणार. तुम्ही स्वयंपाक शिका. नानीबाईचा निरोप असा, की ईवायाला बोलनं सोडू नका म्हनावं, फक्त आधी चुलीपाशी येऊन पाहत जा.

बबिता घाबरत घाबरत जेवते. काकू आणि नानीबाई दोन बाजूंना बसतात आणि तिच्या हाताकडे पाहतात. तिची सकाळची भाकरी तुम्हाला कळवते. सोमवारी अर्धी. मंगळवारी अर्धी. काल पाऊण.

पत्राचं उत्तर दिलंत तर बरं वाटेल. माया असू द्या.

तुमची
शिला