राजमतीची डिग्री आणि माझा नियम

३ जुलै १९७४

आषाढी चौदस. जैन स्थानकात साध्वी महासतीजींसमोर दरवर्षीसारखा नियम घेतला — चातुर्मास संपेपर्यंत गावाची शीव ओलांडणार नाही. हात सवयीनंच जोडले गेले. मन हलकं झालं.

९ जुलै

अमरावतीच्या कॉलेजातून बोलावणं आलं. आमच्या राजमतीला इंजिनिअरिंगच्या डिग्रीला जागा आहे — विजेची शाखा! शुक्रवारी पालकाला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मुलींचं वसतिगृह नाही, राहायचं आपलं आपण पाहायचं.

पालक म्हणजे मी. आणि मी शिवेत बांधलेला! नियम घेताना पोरीची आठवण कशी झाली नाही?  ती भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा.

१० जुलै

थोरल्या भावाकडे, केशरीचंददादांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही घेऊन जा तिला. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत म्हणाले, "पोरीले खांबावर चढवतं काय? गावात वायरमन हाये ना." सगळे हसले. मीही हसलो. मग सांगितलं — ती जाणारच. "मंग तूच जाय," म्हणाले. माझा नियम ठाऊक असून.

तिथून स्थानकात. महासतीजींना विचारलं, यातून सुटका असते का? त्या शांतपणे म्हणाल्या, नियम तुम्ही घेतला आहे, मुलीनं नाही.

नियम मोडायचा नाही. तिची जागाही घालवायची नाही. दोन्ही.

११ जुलै

सकाळी पानाबाई म्हणाली, मी नेते. लग्न झाल्यापासून ही माझ्याशिवाय मंगरूळच्या पुढे गेलेली नाही. मी म्हटलं, तिथं साहेब लोक, इंग्रजीत विचारतील.

"विचारू द्या. इंग्रजीचं पोरगी सांगन, घरचं मी सांगीन. तुमी पोळ्या बांधून द्या."

कधी नव्हे त्या बांधून दिल्या.

कारंज्याला जाणारी जीप हेमसिंगची. मीही चढलो. शिवेवर उतरलो तेव्हा तो म्हणाला, "शेटजी, एवढ्यासाठी बसले व्हय?" भाडं घेतलं नाही. राजमतीनं वाकून नमस्कार केला. पानाबाईनं मागे पाहिलं नाही. धूळ बसेपर्यंत उभा राहिलो.

१२ जुलै

सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसलो. मन अमरावतीत.

१३ जुलै

दोघी आज यायच्या होत्या. शेवटची जीपही येऊन गेली. दादा विचारून गेले, "काय झालं रे?" — या वेळी थट्टा नव्हती आवाजात. म्हटलं, येतील.

१४ जुलै

पानाबाईनं एस. टी.च्या कंडक्टरजवळ दिलेला निरोप हेमसिंगनं आणला. प्रवेश झाला. सगळ्या वर्गात ही एकटीच मुलगी. खोलीही मिळाली, पण एकट्या पोरीला घरमालकीण देत नाही.

"म्हून मी बी इथंच राह्यतो. तिची डिग्री झाली का दोघी संगच येऊ. तुमी आपलं दुकान सांभाळा."

दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही, त्याआधी चूल पेटवायला हवी. तांदूळ कुठं ठेवते, तेवढं विचारायचं राहिलं.