बाबांनी बांधलेली कोंबडी

बँकॉक

बाबा,
आडव्या पडलेल्या लेकीचा पलंगावरूनच नमस्कार. माझी काळजी करू नका. डॉक्टरांनी नडगीत पोलादी सळी घालून हाड छान जुळवलंय. जेवण बरं आहे, फक्त आपला चिकट भात नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही रागावलात, ते कळलं. गावभरची हाडं तुम्ही तेल लावून बांबूच्या कामट्यांनी बांधता, आणि तुमच्याच पोरीनं ऑपरेशन करून घेतलं! पण बाबा, हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. फोनवर तेवढं सांगवलं नाही.

काल गावाहून खामपन दादाचा फोन आला, तो म्हणाला, "राग कसला! म्हाताऱ्यानं तुझ्या नावानं कोंबडीचा पाय मोडून बांधलाय." ऐकून रडूच आलं. कोंबडी चालली की माणूस चालतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते हसले. आज मात्र स्वतःच विचारलं, "काय गं, चालली का तुझी कोंबडी?"

पुढच्या आठवड्यात पाय टेकायला लावणार आहेत. कोंबडी चालली की लगेच कळवा.

आणि नाही चालली, तरी चालली म्हणूनच कळवा.

तुमचीच,
दुआनपेन