परत आणलेला नारळ

आत्ती, आज घरात कोणी नाही. तुमचा नातू आणि नातसून सुट्टी म्हणून सकाळीच गाडी काढून बाहेर पडलेत. कुठंतरी दोन-तीन मजले उंच पुतळे उभे केलेत म्हणे, ते बघायला. मलाही चला म्हणत होते. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांचाच पुतळा झालाय, आणखी कसले पुतळे दाखवता मला. हसले आणि गेले. तुमचा लेक आतल्या खोलीत घोरतोय, म्हणजे त्याचा असून नसून सारखाच उपयोग. मला हल्ली झोप येत नाही, नुसता शीण येतो. म्हणून म्हटलं, बसल्या जागी कागदावर तुमच्याशी चार शब्द बोलावेत.

आम्ही दोघंही असेच एकदा गेलो होतो. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तोवर दोघं मिळून कुठं गेलो असू तर अंबाबाईला, नाहीतर दवाखान्यात. तुमचा लेक उद्यमनगरात लेथवर, रोजावर. काम असलं की दोन-दोन पाळ्या ओढायच्या, नसलं की घरी बसून कौलं बघायची. पहाटे उठून मी शेण काढायची, धार तुम्ही काढायचा, आणि गंगावेशीतल्या घरोघरी रतीब घालायला पुन्हा मीच. अंग कायम आंबलेलं असायचं. पण खरं सांगू का, मला तुमच्याजवळ बरं वाटायचं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. तुम्ही माझ्यावर ओरडायचा, शेजारीपाजारी ऐकू जाईल इतकं ओरडायचा, आणि मग तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी माझ्याच ताटात टाकायचा. आपली भांडणं ऐकायला टपलेल्या गल्लीतल्या बायकांची आपण पार निराशा केली.

तेवढ्यात ती नोकरी निघाली. धरणाकडे कालव्यावर, पर्मनंट, सरकारी. पाण्याची दारं उघडायची, मिटायची, कालव्याच्या कडेनं फिरून कुठं गळतंय का बघायचं, आणि वर राहायला खोली. आठ दिवसांत हो की नाही ते कळवायचं होतं. तुमच्यासमोर हे बोलायची तुमच्या लेकाची छाती होईना. एकुलता एक, वडील लहानपणीच गेलेले, तुम्ही म्हशीच्या दुधावर त्याला वाढवलेला. तो म्हणाला, आधी आपण खोली बघून येऊ, मग आईला सांगू. तुम्हाला काय सांगितलं, तर सव्वीस जानेवारीची सुट्टी आहे, कालव्याच्या तोंडाशी सिमेंटचे भलेमोठे हत्ती केलेत, ते बघून येतो. तुम्ही म्हणालात, जावा की, एक दिवस तरी माणसांसारखं हिंडा. भाकरी बांधून दिलीत, खर्डा दिलात, दह्याचा डबा दिलात आणि निघताना पिशवीत एक नारळ टाकलात. कशाला म्हटलं, तर म्हणालात, असू दे, लागला तर.

रंकाळा स्टँडवरून एस्टी पकडली. बसायला जागा नव्हती. तुमचा लेक वरचा दांडा धरून उभ्या उभ्या झोपला, आणि बस वळली की माझ्या अंगावर यायचा. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. उतरलो तर समोर हत्ती. काय सांगू, दुमजली घराएवढा एकेक. एक रंगवून तयार होता, सोंड वर करून उभा. दुसऱ्याच्या अजून नुसत्या सळया आणि जाळी, पोटातून पलीकडचा डोंगर दिसायचा. त्याला सोंडच नव्हती. त्याच्या पायाशी सावलीत बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि तुमचा लेक तिथंच आडवा झाला. दोन पाळ्या करून आलेला माणूस. दुपार कलेपर्यंत मी त्याच्या तोंडावरच्या माशा वारत बसले होते. हेच माझं हिंडणं!

उठल्यावर मात्र त्याच्या अंगात वारं शिरलं. मला कालव्याच्या भरावावर नेलं. खालून ओढा वाहतोय आणि त्याच्यावरून, पुलावरून, आडवा कालवा जातोय, काठोकाठ भरलेला. पाण्यावरून पाणी. मी तसलं कधी बघितलं नव्हतं. मी खाली वाकून ओढा बघतेय, वर हात घालून कालव्याचं गार पाणी बघतेय, आणि तुमचा लेक असा उभा आहे की तो पूल त्यानंच बांधलाय. लग्नात हसला नव्हता तेवढा तो त्या दिवशी हसला. पुढं थोड्या अंतरावर खोली होती. पत्रा, भिंतींना ताजा चुना, बाहेर नळ. आजूबाजूला माणूस नाही काणूस नाही. तो एकदा आत जातोय, एकदा बाहेर येतोय, इथं चूल, इथं ट्रंक, असं बोटानं दाखवतोय. मी हो हो म्हणत होते.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा तुम्ही धारेला बसला होता. आम्ही उभ्यानंच हत्तींचं वर्णन लावलं. तो म्हणाला एवढी सोंड, मी म्हटलं एवढे कान. तुम्ही मान वर न करता ऐकत होता. मग हात धुतलेत, पिशवी उलटी केलीत, आणि नारळ घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला.

"फोडला न्हाईसा?"

तुमचा लेक म्हणाला, देऊळच नव्हतं तिथं.

"देवळासाठनं कुठं दिलता? खोलीच्या उंबऱ्यावर फोडाय दिलता."

तुमच्या लेकानं लेथच्या मालकाच्या कानावर घातलं होतं, आणि रतिबाचे पैसे आणायला तुम्ही त्यांच्या घरी गेला होता, तिथं तुम्हाला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. तुम्ही दुसरं काही विचारलं नाही, एवढंच विचारलंत की पाणी लांबून आणावं लागतंय का. नळ दारातच आहे म्हटल्यावर म्हणालात, मग काय तर. मी म्हटलं, आत्ती, तुम्हीही चला. तर म्हणालात, म्हस काय डोक्यावर घिऊन येऊ, मी ऱ्हातो की हितंच. मग माझ्याकडं बघितलंत आणि आवाज खाली आणून बोललात, तसं तुम्ही कधीच बोलत नव्हता.

"लई दमलीयास पोरी. तिथं जरा निजाय तरी मिळंल."

आम्ही गेलो. तोच नारळ तुम्ही पुन्हा बांधून दिलात आणि तुमच्या लेकानं तो फोडला. तुम्ही एकदाच आलात, उन्हाळ्यात. तोवर दुसऱ्या हत्तीलाही सोंड आली होती. त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणालात, ह्यो व्हय, मला वाटलं मोठा असंल. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. रस्त्यावर पाणी, एस्टी बंद. आम्ही पोचलो तोवर गल्लीनं सगळं उरकलं होतं आणि म्हैस दावणीला हंबरत होती. तिची धार मी काढली. रडायला त्यानंतर बसले.

आता हा कागद कुठं पाठवायचा? पोरं यायच्या आत गादीखाली सारते. पण एक राहिलंय. त्या खोलीच्या दारात तोंड पुसायला पंचा काढताना नारळाची शेंडी माझ्या हाताला लागली होती. तो कशासाठी दिलाय ते मला तिथंच कळलं, उंबरा समोरच होता. मी तो भाकरीच्या फडक्याखाली दाबला आणि तसाच परत आणला. वाटलं, न फोडलेला नारळ बघून मला जायचं नाही हे तुम्हाला कळेल, आणि तुम्ही ओरडाल, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडाल, की काही जायचं नाही. मी दमले होते, आत्ती, ते खरंच. पण मला निजायला नको होतं. मला तुमच्याजवळ राहायचं होतं.