उलट्या बाजूचा सायलेन्सर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सायलेन्सर डावीकडे आहे!

हॉलमधली जाहिरात आज भिंतीवरून उतरवून मरोळला नेली. वर्कशॉपमध्ये स्कॅन करून स्क्रीनवर मोठी केली. ‘सुरंग शर्टिंग’, १९८६. आमची बीएसए मोटरसायकल, आणि तिच्यावर बाबा – कॅप, गॉगल, उडणारा मफलर. चेहरा जवळजवळ दिसत नाहीच. पण घरात सगळ्यांना माहीत आहे, आल्यागेल्याला बाबा स्वतःच सांगतात – हा मी.

शाळेत असताना या फ्रेमवर बोट ठेवून मी इंजिनाचे भाग पाठ केले. मेकॅनिकलला का गेलीस, असं विचारलं की मी मार्कांचं कारण सांगते. खरं कारण ही जाहिरात.

संध्याकाळी मुलुंडला उतरल्यावर घरी जायच्या आधी पार्किंगमध्ये गेले. आमच्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे. किक उजवीकडे, गिअरही उजवीकडे. या मॉडेलला असतातच तसे. मग फोटोत डावीकडे कसे? आणि इतकी वर्षं मी काय बघत होते? पाठ झालेली गोष्ट माणूस पुन्हा तपासत नाही, एवढंच.

१३ नोव्हेंबर

माझं काम म्हणजे शूटिंगमधल्या जुन्या गाड्या. १९६०चं दृश्य असेल तर १९७०चा हेडलाइट दिसता कामा नये. कोणाच्या लक्षात येतं? कोणाच्याच नाही. तरी मी बघते.

आता सुरंगवाले जवळजवळ चाळीस वर्षांनी तीच जाहिरात पुन्हा करणार आहेत. दिग्दर्शक देवव्रत. माझ्या फोनमधला बाबांच्या फ्रेमचा फोटो श्वेताने त्याला दाखवला – श्वेता शेजारच्या टेबलावर बसते आणि तिच्या पोटात काही राहत नाही. देवव्रत धावतच आला. “यार दीप्ती! मूळ गाडी, मूळ रायडर, दोन्ही तुमच्या घरात, आणि तू गप्प?”

२४ तारखेला मढला शूटिंगसाठी बंगला घेतलाय. बाबा फाटकापासून पोर्चपर्यंत गाडी चालवत येणार, कॅप काढणार, कॅमेऱ्याकडे बघून म्हणणार, “तो मीच.” सगळी फिल्म त्या दोन शब्दांवर. एजन्सीला मात्र लेखी हवंय – गाडी आणि स्वार दोन्ही मूळ जाहिरातीतलेच आहेत. खाली सही माझी.

सायलेन्सरचं बोलले नाही.

१४ नोव्हेंबर

बाबांनी केस काळे केले. अख्ख्या सोसायटीला सांगून झालं. आई म्हणाली, “साठी उलटली, आता हिरो. मिशीला पण लावा थोडं, नाहीतर ती एकटीच म्हातारी दिसेल.” बाबा हसले, पण जरा उशिराने.

१५ नोव्हेंबर

शक्यता एक – दोन्ही बाजूंना सायलेन्सर असलेलं मॉडेल. तशी होती. ही ती नाही, सिलिंडरच वेगळा.

शक्यता दोन – फोटोवर चित्रकाराने हात फिरवलाय. तेव्हा सर्रास चालायचं. नंबर प्लेटवर ‘सुरंग’ हे रंगवलेलंच आहे, ब्रशचे फटकारे दिसतात. आणि चित्रकारांना इंजिन कळत नाही! मोटरसायकल रंगवायची म्हणजे यांच्या लेखी गोल टाकी, भरपूर चकाकी आणि मागे धूर. अंधेरीच्या त्या कॅफेत एक भिंतभर नॉर्टन काढलीय – इंजिनाकडून मागच्या चाकाकडे चेनच नाही. लोक तिच्यासमोर फोटो काढून घेतात. मी तिथे कॉफी पिताना तिच्याकडे पाठ करून बसते.

पण हा सायलेन्सर रंगवलेला नाही. त्याच्यावर रस्त्याचं प्रतिबिंब आहे. खरा आहे.

शक्यता तीन – सुचत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी नेहमीसारखी गाडी पुसली. टाकीवरच्या तीन बंदुकांच्या बिल्ल्याला ते अजून आधी फुंकर घालतात, मग फडकं. मग स्टँडवरच किक मारून इंजिन चालू. गाडी मूळची आईच्या वडिलांची, घाटकोपरला त्यांचं गॅरेज होतं. बाबा तेव्हा जाहिरातींच्या फोटोग्राफरकडे असिस्टंट. गाडीमुळे ओळख, ओळखीतून लग्न – ही गोष्टही पाठ.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आई ओरडली, “अहो, बंद करा ती! खडखडतेय आज!”

बरोबर होतं. व्हॉल्व्हचं टॅपेट सैल झालंय. मला खाली शेजारी उभं राहूनही आधी कळलं नव्हतं.

मी विचारलं, “बाबा, फोटोत सायलेन्सर डावीकडे कसा हो?”

“असेल.”

बस. ज्या माणसाने मला स्पार्क प्लग हातात धरून शिकवला, तो म्हणतो ‘असेल’!

वर आले तर आईने हात पुढे केला. “हा पट्टा लाव गं, नवा आहे, घट्ट जातोय.” तिच्या घड्याळाचा पट्टा लावून दिला. पोळ्या करपत होत्या, तरी तिला आधी घड्याळ.

१८ नोव्हेंबर

‘असेल’ म्हणजे काय?

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान, सुट्टी. श्वेताने शाई लावलेल्या बोटाचा सेल्फी पाठवला. शाई उजव्या बोटावर! उजव्या कशी? डाव्या हाताला लावतात. मग तिच्या मागच्या दुकानाची पाटी बघितली – अक्षरं उलटी. फोन आरशासारखा फोटो काढतो, इतकंच.

आणि मी जागच्या जागी उठून उभी राहिले.

लॅपटॉप उघडला. जाहिरात आडवी उलटवली. एक क्लिक!

सायलेन्सर उजवीकडे आला. किक उजवीकडे. शर्टाचा खिसा फोटोत उजव्या छातीवर होता – तो कधी खटकलाच नव्हता – तोही डावीकडे गेला. फोटो उलटा छापला होता! कारणही दिसतंय. मजकूर पानाच्या डाव्या बाजूला आहे. गाडी मजकुराकडे जाताना दिसायला हवी, मजकुराला पाठ करून नाही. म्हणून निगेटिव्ह पालथी घातली. नंबर प्लेट उलटी वाचली गेली असती, म्हणून तिच्यावर ‘सुरंग’ रंगवलं.

सगळं आपापल्या जागी आलं. मी चहा केला. परत येऊन पाहिलं.

सगळं नाही.

छापील फोटोत घड्याळ डाव्या मनगटावर आहे. बाबांसारखं. आता ते उजव्या मनगटावर गेलं.

२१ नोव्हेंबर

बाबांचा लग्नाचा अल्बम. बारशाचे, सहलींचे, ऑफिसच्या पिकनिकचे फोटो. घड्याळ सगळीकडे डाव्या हाताला. एकदाही उजव्या नाही.

शर्टाची बाही पण बघितली. दोनदा दुमडलीय, तरी मनगटावर येतेय. बाबांचे हात लांब आहेत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. मी बाबांना ही गाडी चालवताना कधी पाहिलंय? आठवून बघितलं. पुसताना, ढकलताना, स्टँडवर किक मारताना. मला पुढ्यात टाकीवर बसवून – स्टँडवर. रस्त्यावर? “कागद संपलेत गं.” “कंबर धरते.” “पुढच्या वर्षी बघू.” मी प्रत्येक वेळी मान्य केलं. असं कसं मान्य केलं?

तो बाबा नाहीत. मग अल्बमपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये आम्ही कोणाला लावलंय?

२२ नोव्हेंबर

देवव्रतचा फोन, दोनदा. “एक सही, दीप्ती! तुझ्याच घरची गाडी, तुझेच वडील. त्यात चेक काय करायचंय तुला?”

सही केली तर खोटं. नाही केली तर रविवारी ऐंशी माणसांच्या युनिटसमोर बाबा खोटे. काळे केलेले केस घेऊन. कुठलं कमी वाईट ते ठरवता येत नाहीये. मला ठरवता येत नाही असं सहसा होत नाही.

आईला विचारलं. भेंडी चिरत होती. मी म्हटलं, “आई, जाहिरातीतला माणूस बाबा नसतील तर?”

सुरी थांबली नाही. “मला काय विचारतेस? गाडीतलं मला काय कळतंय?”

“रविवारी त्यांना चालवायचीय ती.”

आता थांबली. “चालवायची? नुसतं बसायचं म्हणाले होते मला.”

मग डाव्या हाताने भेंड्या कढईत लोटल्या आणि रेडिओ मोठा केला. संपलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पार्किंगमध्ये बाबा एकटेच होते. गाडीवर बसले होते, पाय जमिनीला, क्लच दाबत, सोडत. मला बघून उतरले.

मी सरळ म्हटलं, “बाबा, फोटो उलटा छापलाय. सुलटा केला की तो माणूस तुम्ही नाही.”

वाटलं चिडतील. त्यांनी फडक्याची घडी घातली. “कशावरून?”

“घड्याळावरून.”

“घड्याळ!” बाबा हसायलाच लागले. “एवढा आरडाओरडा केला होता मी तेव्हा, घड्याळ काढ म्हणून! ऐकतंय कोण? इंजिनिअर केलं मुलीला, आणि लागली किती वर्षं?”

“बाबा, चेष्टा नको. तुम्हाला चालवता येते?”

“नाही.” एकदम सरळ. “दोनदा शिकलो. दोनदा पडलो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या – माझं डोकंच फिरतं. तुझ्या आजीने लग्नानंतर तो फोटो बघून विचारलं, हा कोण रे? खरं सांगितलं असतं तर घरात रामायण झालं असतं. म्हटलं, मी. दोघांचं तसं ठरलं. आजी गेली, पण तोवर तोंडाला सवय झाली होती.”

“तुम्ही होतात तरी का तिथे?”

“होतो ना. रिफ्लेक्टर धरून. हिरो म्हणून जो पोरगा आणला होता, तो गाडी बघूनच पांढरा पडला. ऊन उतरत चाललं होतं.”

“मग बसलं कोण?”

बाबांनी वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. मला वाटलं, बोलणं टाळतायत.

“देवव्रतला सांग, जॅकेट मोठं नको. लहान मापाचं आण म्हणावं. आणि सही उद्या तिथे कर. डोळ्यांनी बघून कर, तुझी पद्धत आहे ना?”

काही कळलं नाही. वर गेले तर आई कपाटातून काहीतरी काढत होती. मला बघून दार लावलं.

२४ नोव्हेंबर, मढ

आईने मफलर गुंडाळला, घड्याळ उजव्या मनगटावर वर सरकवलं, किक मारली – एकाच किकला! – आणि मला म्हणाली, “टॅपेट केलंस ते बरं झालं, आता हो बाजूला.” ती फाटकापासून आली तेव्हा बाबा कोणी न सांगताच रिफ्लेक्टर धरून उभे होते. सही केली.