दाराजवळचे बाक, स्वयंपाकघराजवळचे बाक

परमेश्वराला स्मरून, मी एलोदिया किहादा, दिवंगत रामिरो इबार्रा यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा खुर्च्या-बाकांना गाद्या व कव्हरे चढवणे, राहणार टूसॉन, अ‍ॅरिझोना, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाचे दडपण व कसल्याही औषधाची गुंगी नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. तरीही गेल्या दीड वर्षात माझ्या मनात जो गोंधळ माजला आहे, तो मी लपवत नाही. वकीलबाईंना मी विचारले, "गोंधळलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं का हो?" त्या म्हणाल्या, "आपलं काय आहे आणि ते कुणाला द्यायचंय, एवढं कळलं की पुरे." ते मला कळते. ज्या बाईला द्यायचे आहे, तिला मी कोण हे ठाऊक आहे की नाही, एवढेच कळत नाही.

याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझी धाकटी बहीण देल्फिना हिला "माझ्या घरातली टाचणीसुद्धा मिळू नये" असे वाक्य होते. ते लिहिताना मला फार बरे वाटले होते, हेही येथे नमूद करते.

कलम १. माझी सर्व हत्यारे, म्हणजे लोहचुंबकी हातोडी, बाकदार सुया, मोठी कात्री व जाड कापडाचे शिलाई मशीन, आमच्या कोपऱ्यावरच्या 'रिंकोन दे उरेस' या खाणावळीचे मालक बाल्तासार ग्रिहाल्वा यांना द्यावीत. त्या खाणावळीतले प्रत्येक बाक मी मढवलेले आहे. आधी रेक्झिन हिरवे होते. मग बाल्तासारच्या वडिलांच्या हट्टाखातर लाल केले, ते मला कधीच आवडले नाही. अट एकच. बाक फाटले तर वरून चिकटपट्टी मारू नये, टाके घालावेत.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझे अंत्यविधी करावेत, व उरेल ते भाची नेरेइदा, देल्फिनाची मुलगी, हिला द्यावे. आमच्या भांडणात ती दोन्ही घरी येत राहिली आणि इकडचे तिकडे कधी केले नाही.

कलम ३. तामाले, म्हणजे मक्याच्या पानातले मुटके, उकडायचे मोठे पातेले शेजारीण ओर्तेन्सिया परत करणार नाही हे मला ठाऊक आहे. ते तिलाच दिले असे समजावे, म्हणजे ती चोर ठरणार नाही आणि मला वर गेल्यावर त्याचा विचार करावा लागणार नाही.

कलम ४. माझे मातीच्या विटांचे घर, परसातल्या डाळिंबासह, मी माझी बहीण देल्फिना किहादा हिला देते. हे वाचून जे लोक तोंडात बोट घालतील त्यांच्यासाठी पुढचा मजकूर लिहिणे भाग आहे.

आम्ही मूळच्या सीमेपलीकडच्या, सोनोरातल्या माग्दालेना गावच्या. वडील तिथेच पुरले आहेत. आई जन्मभर म्हणायची, मला यांच्या शेजारी ठेवा. ती गेली तेव्हा मी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होते. बाहेर आले तर देल्फिनाने आईला इथेच, टूसॉनच्या दफनभूमीत ठेवून टाकले होते. मी विचारले, "का?" ती म्हणाली, "मला जे करायचं होतं ते मी केलं." मी तिच्या तोंडावर दार लावले. त्या दिवसापासून एकोणीस वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

पण 'रिंकोन' दोघींनीही सोडले नाही. दर मंगळवारी तिथे काल्दो दे केसो असतो, चीज आणि बटाट्याचा पांढरा रस्सा, वर चिल्टेपीन ही इवलीशी रानमिरची चुरडून. लोकांना वाटे आम्ही त्या रश्श्यासाठी जातो. खरे म्हणजे माघार कोण घेणार, हा प्रश्न होता. मी दाराजवळच्या बाकावर बसे, ती स्वयंपाकघराजवळच्या. वाढायला इमेल्दा. ती बिचारी मधल्यामध्ये.

"तुमच्या बहिणीला आज रस्सा खारट लागला," ती मला सांगे.

"तिला सांग, मला अळणी लागला."

इमेल्दा जाई, सांगे आणि पदराआड हसावे तशी ताटाआड हसत परत येई.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, खाणावळीत गुळाच्या पाकात पाव शिजवल्याचा वास भरलेला असताना, देल्फिना आत आली आणि माझ्या टेबलापाशी थांबली.

"बाई, इथे कुणी बसणार आहे का?"

मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती. "नाही," मी म्हणाले.

ती समोर बसली. हातपुसणे मांडीवर पसरले. "तुम्ही याच भागातल्या का?"

"हो."

"मग माझ्या बहिणीला ओळखत असाल. एलोदिया. कव्हरं शिवते. तुम्ही बसलात ना, ते बाकही तिचंच."

"नाव ऐकलंय," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.

"हात सोन्याचा तिचा. पण राग नाकावर. तुमचं नाव काय म्हणालात?"

मला पटकन सासूबाईंचे नाव सुचले. "कोन्सेप्सियोन."

"छान नाव आहे," ती म्हणाली आणि माझ्या टोपलीतली टॉर्टियाची पोळी तोडून खाऊ लागली, लहानपणी खायची तशी, न विचारता.

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आम्ही एकत्र जेवलो. इमेल्दाने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठले. "एलोदियाबाई, ती नाटक करतेय. माझ्या लेकीच्या नातवाचंसुद्धा नाव तिला पाठ आहे. तुम्हालाच बरी विसरली?"

मी नेरेइदाला विचारले. ती रडायला लागली. म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे. कधी सगळं लख्ख आठवतं, कधी नाही. कुठला दिवस कुठला, ते आम्हालाही कळत नाही."

आणि मलाही कळेना. एके दिवशी देल्फिनाने इमेल्दाला बजावले, "या बाईंच्या रश्श्यात कांदा घालू नकोस, त्यांना सोसत नाही." कांदा मला सोसत नाही हे कोन्सेप्सियोनने तिला कधीच सांगितले नव्हते. मी मनात म्हटले, धरली! पण त्याच दुपारी ती जेवून बाहेर पडली आणि फुटपाथवर उभीच राहिली. घर डावीकडे की उजवीकडे, ते तिला आठवेना. माझा दंड तिने इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. ते नाटक नव्हते. घरी येऊन मी दिवा न लावता बसून राहिले. ती खोटी असावी असे मला वाटावे की खरी असावी, हेही समजेना. खोटी असेल तर ती माझी थट्टा करत होती. खरी असेल तर माझी बहीण चालली होती, आणि मी तिच्यासमोर दुसऱ्याच बाईचे नाव घेऊन बसले होते.

मग या उन्हाळ्यात मी धीर करून विचारले, "तुमच्या बहिणीशी भांडण कशावरून?"

देल्फिनाने चमचा खाली ठेवला. "आईवरून. आईनं शेवटच्या आठवड्यात मला सांगितलं, मला इथंच ठेव. म्हणाली, तुझ्या बाबांच्या शेजारी मी पुष्कळ वर्षं काढली, आता मुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेव. पण एलोदियाला सांगू नकोस म्हणाली. ती बाबांची लाडकी, तिचं मन मोडेल."

मीही चमचा ठेवला. "मग तुम्ही इतकी वर्षं तिला सांगितलं नाहीत?"

"आईला शब्द दिला होता."

"आणि मला कसं सांगताय?"

"तुमचं काय हो," ती म्हणाली, "तुम्ही परक्या."

आजाराने तो शब्द मोडला, की शब्द न मोडता सांगता यावे म्हणून तिने मला परकी केले, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. चर्चच्या फादरना विचारले, ते म्हणाले प्रार्थना करा. रामिरोच्या फोटोला विचारले. आईने असे म्हटले असेल का? म्हटले असेल. वडिलांचा तापट स्वभाव आठवला की वाटते, नक्की म्हटले असेल. आणि विसरभोळ्या डोक्याने ते रचले असेल, असेही वाटते. ज्या दिवशी जे वाटते त्या दिवशी ते खरे वाटते. घर मात्र तिचे. तिला ते कोन्सेप्सियोनकडून मिळाले असे वाटले, तरी हरकत नाही. नेरेइदाने तिच्याशी वाद घालू नये.

कलम ५. हे कलम आज सही करण्यापूर्वी, खाणावळीतच, हाताने वाढवले आहे.

माझ्या दफनासाठी मी माग्दालेनात वडिलांच्या शेजारी जागा धरून ठेवलेली आहे. तेच इथे लिहायचे होते. लेखणी थांबली. समोर देल्फिना वाफा निघणारा रस्सा फुंकत होती.

"काय लिहिताय?"

"मला कुठे पुरायचं ते."

"त्यात लिहायचं काय?" ती म्हणाली. "आईच्या उजवीकडे माझी जागा आहे. डावीकडची मी माझ्या बहिणीसाठी घेऊन ठेवलीये, आई गेली त्याच आठवड्यात. कितीजण मागायला आले, मी दिली नाही."

मी नेरेइदाला फोन लावला. ती म्हणाली, "हो मावशी, खरंय. मला वाटलं तुला माहीत असेल."

भांडण झाले त्याच आठवड्यात. मी तिच्या तोंडावर दार लावले, त्याच आठवड्यात.

मी विचारले, "आणि ती बहीण आलीच नाही तर?"

देल्फिनाने माझ्याकडे पाहिले. टॉर्टियाचा अर्धा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. "येशील गं," ती म्हणाली. "जेव आधी, निवतंय."

हे ती मला म्हणाली की डोळ्यांपुढे दिसणाऱ्या दुसऱ्याच कुणाला, हे मी विचारले नाही. साक्षीदारांनी ते ऐकले आहे आणि त्यांचे आपसात एकमत नाही. इमेल्दा म्हणते मला. न्हावी प्रोस्पेरो म्हणतात, थकली की ती सगळ्यांनाच अगं-तुगं करते. त्यांची मते त्यांच्यापाशी. माझी सूचना अशी: माग्दालेनातली जागा सोडून द्यावी, वडिलांच्या थडग्यावर माझ्या वतीने एकदा मोठा हार घालावा, आणि मला इथे आईच्या डावीकडे ठेवावे. दगडावर एलोदिया कोरावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खाली नाव लिहिते.

एलोदिया किहादा, इबार्रा यांची विधवा

आमच्यादेखत सही झाली. या मृत्युपत्रात आम्हा दोघांनाही काहीही मिळणार नाही, हे आम्हांस समजले आहे. आमच्यापैकी एकीने त्याबद्दल तक्रार करून पाहिली.

साक्षीदार:
१. इमेल्दा बार्सेलो, 'रिंकोन दे उरेस' येथे वाढपी
२. प्रोस्पेरो आचोंदो, निवृत्त न्हावी

स्थळ: टूसॉन, अ‍ॅरिझोना
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४